एक मिनिट अडतीस सेकंद

५ ऑक्टोबर १९९६, शनिवार

इंदापूरला तालुक्याच्या शालेय स्पर्धांची बैठक झाली. उद्घाटनाचं संचलन आणि राष्ट्रगीत यंदा माझ्याकडं आलं. सतरा वर्षं क्रीडाशिक्षक आहे. दरवर्षी मागच्या खुर्चीवर बसतो, चहा पितो, परत येतो. आज पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "सोपान सरांना द्या. त्यांच्या पोरी पुतळ्यासारख्या उभ्या राहतात." बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मागच्या वर्षीचं राष्ट्रगीत आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो. व्यासपीठावर एक जण तंबाखू मळत होता. दुसरा छातीवर हात ठेवून उभा, सिनेमात बघून आलेला. पंच रेषा मारायच्या फक्कीची पाटी शोधत मैदानभर हिंडत होते. आणि शेवटचा सूर संपायच्या आत निम्मं मैदान विश्राममध्ये. बावन्न सेकंदांचं तर काम. माणसाला बावन्न सेकंद धड उभं राहता येत नसेल तर त्याला खो-खो काय शिकवायचा!

घरी येऊन सांगितलं तर तुळसा म्हणाली, "आता आमचं काय खरं न्हाय." तिचा राग जुना आहे. पावसाळ्यात टीव्हीवर हॉकीच्या सामन्याआधी राष्ट्रगीत लागलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. मी तिला उभं केलं. तव्यावरची भाकरी करपली. ती भाकरी तिनं मलाच वाढली होती.

९ ऑक्टोबर, बुधवार

मुलींचा सराव सुरू. टाचा जुळलेल्या, गुडघे मागं ताणलेले, मुठी शिवणीवर, नजर समोर. घाम आला तरी पुसायचा नाही. माशी बसली तरी हाकलायची नाही. श्रेयानं विचारलं, "सर, शिंक आली तर?" सगळ्या फिदीफिदी. मी म्हणालो, "शिंक राष्ट्रगीत संपल्यावर." ती म्हणाली, "मग शिंकंला सांगून ठिवते." ही शेतातल्या वस्तीवरच्या दत्तोबांची मुलगी, दहावीत आहे. तिच्यासारखी पळणारी पोर मी सतरा वर्षांत पाहिली नाही, म्हणून तिचं असलं बोलणं खपवून घेतो.

आमची मेघना तिच्या शेजारी उभी राहते. शाळेत ती मला सर म्हणते, घरात आप्पा. हा नियम मीच घातलाय. बापाची पोर म्हणून कुणी बोट दाखवायला नको.

चावीच्या स्टॉपवॉचवर तीनदा वेळ घेतली. एकदा चोपन्न, दोनदा बरोबर बावन्न.

मेघनानं घरी विचारलं, "आप्पा, इतकं कशाला ओ? थोडं हललं तर काय हुतंय?" तिला सांगितलं ते इथंही लिहून ठेवतो. माझा बाप सावळाराम, आमचा आबा. छप्पन्नच्या धर्मांतराआधी गावात कुठंही उभा राहिला की कुणीतरी म्हणायचं, "बाजूला सर." पाणवठ्यावर सर, पारापाशी सर, शाळेच्या दारात सर. एका सव्वीस जानेवारीला तो झेंडावंदनाला गेला आणि पाटलांच्या शेजारी जागा होती तिथं उभा राहिला. पाटलांनी वळून बघितलं, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं. आबा मरेपर्यंत सांगायचा, "त्या मिंटात मला कुणी सर म्हणू शकलं न्हाय." म्हणून माझ्या मैदानावर त्या मिनिटात कुणी हलत नाही.

मेघना ऐकून दप्तर आवरायला लागली. पटलं असावं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

उद्या उद्घाटन. मुलींचे पांढरे बूट खडूनं पुसून घेतले. मेघना सांगत होती, श्रेयानं नवरात्राचे नऊ दिवस धरलेत, नुसत्या पाण्यावर आहे, सकाळी सरावात तिला अंधारी आली. मी श्रेयाला विचारलं तर म्हणाली, "कायबी न्हाय सर, मेघी उगाच करती."

एक केळ खा म्हणावं असं मनात आलं होतं. पण आम्ही बौद्ध. मी देवीच्या उपासात तोंड घातलं तर गावात त्याचा भलताच अर्थ निघायचा. तो तिच्या घरचा प्रश्न. 

उन्हाचा ताव फार आहे. कार्यक्रम नऊचा आहे हे बरं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

श्रेया राष्ट्रगीताच्या वेळी चक्कर येऊन पडली. बारामतीच्या दवाखान्यात आहे. मी आत्ता तिथूनच आलो. उत्कृष्ट संचलनाची ढाल आम्हाला मिळाली. बाकीचं उद्या लिहीन.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

नीट, झालं तसं लिहितो.

मुली साडेआठपासून रांगेत. पाहुणे आले पावणेबाराला. चोवीस शाळा, ऊन डोक्यावर, सावली एका लिंबाची आणि तीही खुर्च्या टाकून मोठ्यांनी अडवलेली. मी दोनदा जाऊन विचारलं, मुलांना खाली बसवू का. आयोजकांपैकी एक जण म्हणाला, "गाडी वळणावर आलीय सर, आता रांगा मोडू नका." गाडी दीड तास वळणावरच होती.

मी "एक साथ राष्ट्रगीत शुरू करेंगे, शुरू कर" म्हटलं. राष्ट्रगीत कॅसेटवर होतं, स्पीकरवाला विकी टेपजवळ बसला होता. पहिल्या सुराबरोबर मी सवयीनं स्टॉपवॉचची कळ दाबली आणि श्रेया पडली. दोन्ही एकदमच. हात न टेकता, तोंडावर, फक्कीच्या रेषेत. माझ्यापासून सहा पावलांवर.

मला वाटलं, चक्कर आहे. उन्हात दरवर्षी दोनतीन मुली पडतात, पाणी मारलं की उठून बसतात. मैदानावर कुणी हललं नाही. चोवीस शाळांची मुलं, शिक्षक, पोलीस, व्यासपीठ, सगळे सरळ. तंबाखू मळणारासुद्धा यंदा सरळ होता.

निम्म्यात कॅसेट अडकली. आवाज जाडा झाला आणि बंद पडला. विकीनं ती बाहेर काढून पेन्सिलीनं फिरवली. तेवढ्या वेळात विश्राम म्हणता आलं असतं. तो हुकूम देणारा मैदानावर मी एकटाच होतो. पण राष्ट्रगीत अर्धं टाकायचं नसतं, म्हणून पाहुणे सावधानमध्येच राहिले, आणि पाहुणे राहिले म्हणून मी राहिलो. विकीनं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तेव्हाच मेघनानं पाऊल टाकलं. श्रेयाकडं वाकली. मी ओठ न हलवता म्हणालो, "मेघना, सावधान!" ती थांबली. पाऊल मागं घेतलं, टाचा जुळवल्या, नजर समोर. मी शिकवलेलं तिच्यात किती मुरलंय ते तेव्हा पाहिलं.

संपल्यावर सगळ्यांत आधी मीच धावलो, हे कुणीही सांगेल. श्रेयाला उताणी केली. तोंड उलटीनं भरलेलं, नुसतं पाणीच होतं ते. नाकात फक्की. ओठ निळे. पाहुण्यांच्या जीपमधून इंदापूरला आणि तिथून बारामतीला नेलं.

आम्ही रस्त्यात असताना इकडं भाषण झालं. पाहुणे म्हणाले म्हणे, "एक मुलगी कोसळली, पण शेजारची मुलगी तसूभर हलली नाही. याला म्हणतात शिस्त." टाळ्या झाल्या. ढाल मेघनाच्या हातात दिली.

घरी आल्यावर खिशात स्टॉपवॉच सापडलं. राष्ट्रगीत संपताना मी कळ दाबली असणार, आठवत नाही. छोटा काटा एकवर, मोठा अडतीसवर. अजून एकदा दाबली की काटे शून्यावर जातात. दाबली नाही. शाळेच्या खेळाच्या सामानाच्या कपाटात मागं ठेवून दिलंय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दवाखान्यात गेलो होतो. श्रेया शुद्धीवर नाही. डॉक्टर म्हणाले, उलटी श्वासनलिकेत गेली, मेंदूला हवा कमी पडली. पडल्या पडल्या कुणी कुशीवर वळवलं असतं तर बरं झालं असतं. मी विचारलं, "पडल्या पडल्या म्हणजे?" ते म्हणाले, "लगेच हो." शिवाय इतका वेळ गुडघे ताणून उन्हात उभं राहिलं की माणूस पडतोच, असंही म्हणाले. ते त्यांचं मत. फौजेत तसंच उभं करतात.

मेघना दोन दिवस जेवली नाही. आज तिला म्हटलं, "बाळा, चार घास खा." ती म्हणाली, "व्हय सर."

घरातच म्हणाली. मला वाटलं चुकून आलं तोंडातून.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

श्रेया गेली. सकाळी साडेसहाला.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

आज दहावा होता. हेडसरांबरोबर दत्तोबांच्या वस्तीवर गेलो. दत्तोबांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. आमच्यासाठी सतरंजी टाकली. मला वाटलं होतं अंगावर येतील. आले असते तर सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "सर, तुमी तर कायम घड्याळ लावून असता. किती येळ पडून व्हती वो माझी पोर?"

हेडसर माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "बावन्न सेकंद."

"म्हंजी मिनिटबी न्हाय."

"नाही."

"मग तिचं तेवढंच आयुष्य," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. जणू त्यांना जरा बरं वाटलं. म्हणजे मी बोललो ते अगदीच वाईट नाही. खरी वेळ सांगून त्या माणसाच्या पदरात काय पडणार होतं?

श्रेयाची आई कौसल्याबाई चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

वरून, शिक्षण खात्याकडून खुलासा मागवलाय. हेडसरांनी बोलावलं आणि कागद लिहूनच समोर ठेवला. "राष्ट्रगीत सुरू असताना, म्हणजे सुमारे बावन्न सेकंदांच्या अवधीत, सदर विद्यार्थिनीस भोवळ आली. राष्ट्रगीत संपताच क्षणाचाही विलंब न करता संबंधित शिक्षकांनी मदत केली. तत्पूर्वी मदतीस जाण्यास कुणासही मज्जाव करण्यात आला नव्हता." खाली माझं नाव, सोपान सावळाराम, क्रीडाशिक्षक.

मी म्हणालो, "कॅसेट दोनदा लागली होती, सर."

हेडसर म्हणाले, "कॅसेटचं कुणी इचारलंय का? राष्ट्रगीताचा मान ठिवला, ह्याला कोण गुन्हा म्हणंल? उलट तुमी हलला असता, तर पेपरात आलं असतं की राष्ट्रगीत चालू असताना शिक्षक मैदानात पळत व्हते. आन् त्यात तुमी." पुढं ते बोलले नाहीत. तुमी म्हणजे कोण, ते मला कळलं. खरं होतं ते. दुसरा कुणी हलला असता तर माणुसकी म्हणाले असते. मी हललो असतो तर आमच्या अख्ख्या वस्तीची देशभक्ती काढली असती.

हे त्या सहा पावलांवर उभा असताना माझ्या मनात होतं का? होतं. आज पहिल्यांदा लिहितोय. होतं.

सही केली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

उद्यापासून दिवाळीची सुट्टी. मेघना खो-खोला येत नाही. मी बळजबरी करत नाही. घरात तिनं मला सर म्हणायचं सोडलेलं नाही. तुळसा तिला ओरडली, "बापाला सर म्हनत्यात व्हय गं?" ती म्हणाली, "मैदानावर बाप नव्हता." एवढंच बोलली आणि धुणं घेऊन विहिरीवर गेली.

तुळसाला मी मेघनाला थांबवल्याचं सांगितलेलं नव्हतं. तिनं मला विचारलं आणि मी सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "भाकरीच्या येळंलाच मी हाललं पायजे व्हतं."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आजचं लिहायला नको वाटतंय.

सुट्टी संपली. वरून पुन्हा पत्र, रांगेतल्या मुलींचेही जबाब पाठवा. हेडसरांनी एकच मजकूर सायक्लोस्टाइल करून घेतला. "राष्ट्रगीत बावन्न सेकंद चालले. आम्हांस कोणीही थांबविले नाही." अकरा मुलींनी वर्गात सह्या केल्या. मेघना शाळेत आली नव्हती, म्हणून तिचा कागद हेडसरांनी माझ्याकडंच दिला.

घरी येऊन तो तिच्यापुढं ठेवला. म्हणालो, "वाच आणि सही कर." तिनं वाचला. दोनदा वाचला. मग उठली, पाट सरकवला, भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. टाचा जुळवल्या. गुडघे ताणले. मुठी शिवणीवर. नजर समोर.

"सावधान म्हना सर," ती म्हणाली. "म्हंजी करते सही."

मी म्हणालो, "मेघना, असं करू नकोस."

"त्या दिवशी म्हनला व्हता की. मी एक पाऊल गेले व्हते. मला तिचा आवाज येत व्हता सर, घशात घरघर व्हत व्हती तिच्या. दुसऱ्यांदा गाणं लागलं तवा बी येत व्हता. मग बंद झाला." तिचा आवाज चढला नाही. डोळे भिंतीवरच. "तुमी म्हना. तुमी म्हनला की मी ऐकते."

पोरीनं ऐकलं होतं. इतके दिवस मला वाटत होतं की मी एका चक्कर आलेल्या मुलीपाशी कुणाला जाऊ दिलं नाही. घरघर माझ्यापर्यंत आली नव्हती, हे शपथेवर लिहितो. पण मेघना पाऊल टाकते म्हणजे काहीतरी ऐकूनच टाकते, एवढं तिच्या बापाला कळायला हवं होतं. आबाला त्या मिनिटात कुणी सर म्हणू शकलं नाही. मी त्याच मिनिटात माझ्या पोरीला तिच्या मैत्रिणीपासून बाजूला सारलं.

कागद फाडला. तुळसा येऊन पोरीचे खांदे धरून हलवत होती, पण मेघनाचे गुडघे काही वाकेनात. शेवटी तिला दोघांनी धरून खाली बसवली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी हेडसरांना नवा खुलासा दिला. एक मिनिट अडतीस सेकंद, कॅसेट दोनदा, आणि मदतीला निघालेल्या विद्यार्थिनीला मी थांबवलं, असं सगळं. त्यांनी वाचून कागद टेबलावर उलटा ठेवला. म्हणाले, "नोकरी जाईल, सोपान. आन् शाळेचं नाव बी." मी म्हणालो, "जाऊ द्या."  मग कपाटातलं स्टॉपवॉच घेतलं आणि दत्तोबांच्या वस्तीवर गेलो. मेघना सायकलवर मागं बसून आली. ये म्हटलं नव्हतं.

दत्तोबा गोठ्यापाशी होते. कौसल्याबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. बावन्न खोटं होतं हे सांगितलं. ढाल कशी मिळाली ते सांगितलं. मेघना निघाली होती आणि मी तिला थांबवलं, हे सांगताना दत्तोबांनी मेघनाकडं पाहिलं आणि मग खाली बघायला लागले. त्यांनी मला शिवी दिली नाही. नुसतं म्हणाले, "मग त्या दिशी बावन्न कशापायी सांगितलंसा? मी सगळ्या भावकीला त्येच सांगत फिरलो."

मी खिशातून स्टॉपवॉच काढलं.

कौसल्याबाई म्हणाल्या, "मास्तर, मला घड्याळातलं कळत न्हाय. एक मिनिट अडतीस म्हंजी किती? दावा मला."

मी स्टॉपवॉच पुढं धरलं. काटे दीड महिना जिथल्या तिथं होते. दाखवायचं तर ते शून्यावर न्यावे लागणार आणि मग ही वही आणि हेडसरांच्या टेबलावरचा उलटा कागद सोडून कुठंच काही राहणार नाही. मी कळ दाबली. काटे शून्यावर गेले. पुन्हा दाबली, आणि टिकटिक सुरू झाली.

दत्तोबा उभे. मी उभा. मेघना ओट्याखाली उभी. माझ्या लक्षात आलं की माझ्या टाचा जुळल्यात. कौसल्याबाईंनी थोडा वेळ काट्याकडं पाहिलं. मग मांडीवरची शेंगांची टरफलं झटकून उठल्या. ओटा उतरून अंगणात गेल्या. दोरीवरची चादर वाऱ्यानं खाली पडली होती, ती उचलली, झटकली, दोन्ही टोकं जुळवून परत वाळत घातली. पुढं न्हाणीजवळच्या रांजणापाशी गेल्या. झाकण काढलं, ग्लास विसळला, भरला, झाकण लावलं. परत येताना मेघनापाशी थांबल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला काहीतरी म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही. ओट्यावर आल्या, ग्लास माझ्या पायाशी ठेवला आणि होत्या तिथं बसल्या.

"झालं का?"

"नाही, अजून."

दत्तोबांनी तोंड टॉवेलात घातलं होतं. काटा दुसऱ्यांदा अडतीसवर आला तेव्हा मी कळ दाबली.

"एवढ्या येळात मी पानी घिऊन आले, मास्तर," कौसल्याबाई म्हणाल्या. "चादर बी झटाकली."

त्यांनी सूप परत मांडीवर ओढलं. मेघना त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि शेंगा फोडायला लागली. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. शेंगा संपेपर्यंत मी तिथंच उभा होतो.